तीन बरोबर हरतात, एक बरोबर जिंकतो: एका क्विझ लीगचं गुणपत्रक वाचताना

क्विझच्या सामन्यात एका खेळाडूची सहापैकी तीन उत्तरं बरोबर आली आणि दुसऱ्याचं फक्त एक. जिंकलं कोण? दुसरा, ३-२ असा. यात चिटिंग नाही, छापण्यातली चूक नाही. नियमच असे आहेत की हे होऊ शकतं. आणि अशा निकालांची बेरीज करूनच पुढे गुणतक्ता लागतो, खेळाडू वरच्या गटात जातात किंवा खाली उतरतात.

ही लीग म्हणजे अमेरिकेतली लर्नेडलीग. शेन बुशफील्ड यांनी ती १९९७ साली सुरू केली. तिथे ते थॉर्स्टन ए. इंटेग्रिटी या टोपणनावानं वावरतात. हजारो लोक घरबसल्या ती खेळतात. इतर विषयांबरोबर खेळ हाही तिथे एक ठरलेला विभाग आहे, आणि फक्त एखाद्या खेळावरच्या छोट्या लीगही मधूनमधून भरतात. मागे आपण वैधता आणि विश्वसनीयता या दोन शब्दांवर बोललो होतो (बी.एड.च्या पुस्तकांत वैधतेला ‘सप्रमाणता’ म्हणतात, तीच ही). व्याख्या पाठ होतात, पण स्वतःची प्रश्नावली बनवायला बसलं की दोन्हींची गल्लत होते. म्हणून आज या लीगची चिकित्सा करू. लीग खेळायला छान आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की तिचा गुणतक्ता नक्की काय मोजतो? माझ्या मते तो तीन-चार वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कालवतो, आणि तो आकडा पाहून आपण ‘याला खेळांतलं जास्त कळतं’ असं म्हणून मोकळे होतो.

आधी नियम

रोज एक सामना, समोर एक प्रतिस्पर्धी, दोघांना तेच सहा प्रश्न. पर्याय दिलेले नसतात, उत्तर स्वतः लिहायचं. इथपर्यंत नेहमीचंच. गंमत पुढे आहे. प्रत्येक प्रश्नाला किती गुण, हे लीग ठरवत नाही. तुमच्या प्रतिस्पर्ध्यासाठी ते तुम्ही ठरवता. तुमच्या हातात ०, १, १, २, २ आणि ३ असे सहा आकडे असतात. प्रश्न वाचायचे, आपली उत्तरं लिहायची आणि त्याच वेळी हे सहा आकडे समोरच्याच्या सहा प्रश्नांना वाटून टाकायचे. त्याला जो प्रश्न हमखास येणार असं वाटतं त्याला ०, जो मुळीच येणार नाही त्याला ३. याला तिथे ‘बचाव’ म्हणतात. तोही तुमच्या बाबतीत हेच करत असतो. जिंकलात तर गुणतक्त्यात २ गुण, बरोबरीला १, हरलात तर ०, आणि उत्तरं पाठवलीच नाहीत तर उणे १.

आता बेरीज करून पाहा. सहा आकड्यांची एकूण बेरीज ९. तुमची तीन उत्तरं बरोबर आली, पण ती नेमकी ०, १, १ वाल्या प्रश्नांची असली तर तुम्हाला मिळाले २ गुण. तीच तीन उत्तरं ३, २, २ वाल्या प्रश्नांची असती तर ७. म्हणजे तेवढंच ज्ञान, पण गुण २ पासून ७ पर्यंत कुठेही. समोरच्याचं एकच उत्तर बरोबर आलं, पण ते ३ वाल्या प्रश्नाचं निघालं, की तो ३-२ नं जिंकला. दोन बरोबरवाला चार बरोबरवाल्याला ५-४ नं हरवू शकतो. तीन बरोबरवाला पाच बरोबरवाल्याला ७-६ नं. कागद-पेन्सिल घ्या आणि स्वतः पडताळा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

बचाव: लीगमधली सगळ्यात चांगली कल्पना

सहा आकडे सहा प्रश्नांना वाटायच्या एकूण रीती १८० (६! भागिले २! गुणिले २!, कारण १ आणि २ दोनदोनदा आहेत). त्यातली कोणती निवडायची, हे ठरवताना तुम्हाला स्वतःच्या ज्ञानाचा फारसा उपयोग नसतो. समोरच्याला काय माहीत नाही, याचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी लीग त्याची मागची सगळी कामगिरी तुमच्यापुढे उघडी ठेवते: कोणत्या विषयात किती टक्के बरोबर, आधीच्या कोणत्या प्रश्नाला काय घडलं.

मला ही कल्पना मनापासून आवडते. आपल्याकडच्या बहुतेक परीक्षांत प्रश्न सोपा की अवघड हे पेपर काढणारा आपल्या मनाशी ठरवतो. फार तर निकालानंतर काठिण्यमूल्य काढलं जातं, म्हणजे शंभरातल्या किती जणांना तो प्रश्न आला. ते काठिण्य सगळ्यांसाठी सरसकट असतं. लर्नेडलीग म्हणते, ‘अवघड’ हा प्रश्नाचा एकट्याचा गुणधर्म नाही; प्रश्न आणि माणूस यांच्यामधलं ते नातं आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी १९६० साली जे प्रारूप मांडलं, त्याच्या मुळाशी अशीच मांडणी आहे: उत्तर बरोबर येण्याची शक्यता माणसाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य यांच्या फरकावर ठरते. लीग त्याच्याही पुढे एक पाऊल जाते आणि म्हणते, तोच प्रश्न दोन सारख्या क्षमतेच्या माणसांना वेगळा अवघड असू शकतो.

पण मोजमापाच्या दृष्टीनं याची किंमत काय? सामन्याचा निकाल आता दोन कौशल्यांवर ठरतो. एक, तुम्हाला काय येतं. दोन, समोरच्याला काय येत नाही हे तुम्ही किती नेमकं ओळखता. ही दोन्ही कौशल्यं एकाच माणसात असतीलच असं नाही. उत्तम वाचक उत्तम पत्तेबाज असतोच असं कुठे आहे?

इथे लीगच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. ती हे दोन घटक लपवत नाही. एकूण बरोबर उत्तरं हा स्तंभ वेगळा, सामन्यातले गुण वेगळे, आणि बचाव किती चांगला केला याचाही स्वतंत्र आकडा. तो आकडा काढण्यामागचा विचार साधा आहे: प्रतिस्पर्ध्याच्या बरोबर उत्तरांवर त्याला जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती गुण गेले असते, आणि प्रत्यक्षात तुम्ही या दोहोंच्या मध्ये कुठे पडलात. समोरच्याची सहाही उत्तरं बरोबर आली तर त्याला ९ मिळणारच, एकही आलं नाही तर ०. अशा सामन्यांत बचाव कितीही हुशारीनं केला तरी तो दिसत नाही. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या स्वतःच्या साधनांतही असं होतं: काही नमुन्यांत तुम्हाला मोजायची असलेली गोष्ट असते, पण उमटायला जागाच नसते.

आठ प्रश्नांवर माणसाची पारख

आता बचावासाठी आपण जी आकडेवारी बघतो, तीच तपासू. समोरच्याच्या नावापुढे लिहिलंय ‘खेळ: ३८ टक्के’. चला, खेळाच्या प्रश्नाला ३ देऊन टाकू. थांबा.

एका मोसमात २५ दिवस, रोज ६, म्हणजे १५० प्रश्न. लीगमध्ये खेळांसह एकूण १८ विषयविभाग आहेत. सोयीसाठी समजा प्रश्न सगळ्या विभागांत समान वाटले. मग एका मोसमात खेळाच्या वाट्याला आठेक प्रश्न येतात. आठपैकी तीन म्हणजे ३८ टक्के, आठपैकी पाच म्हणजे ६३ टक्के. वाचायला केवढा फरक! प्रत्यक्षात, ज्याला असे निम्मे प्रश्न येतात अशा माणसाच्या आठ प्रश्नांवरच्या टक्केवारीचं प्रमाण विचलन जवळपास १८ आहे. आणि अशा दोन माणसांच्या टक्केवारीतल्या फरकाचं प्रमाण विचलन २५. म्हणजे ३८ आणि ६३ मधला हा ‘केवढा फरक’ निव्वळ योगायोगानंही सहज पडतो. एका मोसमावरून कुणाला ‘खेळात कच्चा’ म्हणणं हे पहिल्या सरीवरून पावसाळा ठरवण्यासारखं आहे.

एकूण १५० प्रश्नांचं चित्र बरंच स्थिर असतं. निम्मे प्रश्न येणाऱ्या माणसाच्या टक्केवारीचं प्रमाण विचलन सहा प्रश्नांवर साधारण २० आणि दीडशे प्रश्नांवर साधारण ४. तेव्हा मोसमाच्या शेवटची एकूण बरोबर उत्तरं हा या अख्ख्या तक्त्यातला सगळ्यात विश्वसनीय आकडा. एकेका सामन्याचा निकाल सगळ्यात डळमळीत. आणि गंमत अशी की गटातला क्रमांक सामन्यांच्या निकालांवर लागतो.

त्यात आणखी एक भर. गट पातळीनुसार पाडलेले असतात. वरच्या गटात सगळे तुल्यबळ. चांगले लोक एकत्र आणले की त्यांच्या ज्ञानातला फरक आक्रसतो. मग निकाल ठरवायला उरतं काय? बचाव आणि नशीब. संख्याशास्त्रात याला विस्ताराची मर्यादा म्हणतात. याच कारणानं, निवडून आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध क्षीण दिसतो. त्यावरून ‘परीक्षेचा काही उपयोगच नाही’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहू नका. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही, ते तुमच्या नमुन्यात नाहीत.

‘खेळ’ म्हणजे कुणाचा खेळ?

आता मूळ मुद्दा. समजा दोन प्रश्न आहेत. पहिला: बेसबॉलमध्ये ५११ विजयांचा विक्रम कोणत्या पिचरच्या नावावर आहे? दुसरा: ९९.९४ हा आकडा कोणत्या फलंदाजाची ओळख आहे? दोन्ही खेळाच्या आकडेवारीतले, दोन्ही आपापल्या मुलखात शाळकरी पोरांना ठाऊक असलेले. ओहायोतला माणूस पहिल्याला डोळे मिटून ‘साय यंग’ म्हणेल आणि दुसऱ्याला खांदे उडवेल. कोल्हापूरच्या किंवा मेलबर्नच्या माणसाचं बरोबर उलट. ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर शून्यावर बाद झाला नसता, चार धावा केल्या असत्या, तर सरासरी शंभर झाली असती, हेही तो वर सांगेल.

दोघांपैकी खेळांतलं जास्त कुणाला कळतं? या दोन प्रश्नांवरून सांगताच येत नाही. जो पेपर काढतो तो दोन्हींपैकी कशाला ‘सर्वसामान्य’ समजतो, एवढंच त्यातून कळतं. लीग अमेरिकेत वाढली, खेळणारे बहुसंख्य तिकडचे. तिथल्या खेळाच्या विभागात बेसबॉल, बास्केटबॉल, त्यांचं फुटबॉल हे पायाभूत धरलं जाणार, आणि क्रिकेट हे दूरदेशीचं नवल. त्यांच्या घरात त्यांचं जेवण, यात दोष नाही. दोष तेव्हा येतो, जेव्हा तिथल्या टक्केवारीला ‘खेळांचं ज्ञान’ असं सर्वसाधारण नाव दिलं जातं.

आपण करतो तेव्हाही तेच होतं. पुण्यात १९४८ साली रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा कुणी केल्या? भाऊसाहेब निंबाळकर. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुणाचं? खाशाबा जाधवांचं, १९५२ साली हेलसिंकीत, कुस्तीत. हे प्रश्न घालून मी एक ‘क्रीडाज्ञान चाचणी’ बनवली आणि साताऱ्यात व इंफाळमध्ये दिली, तर साताऱ्याची मुलं हुशार निघतील. मग मी काय मोजलं? सातारा जिल्ह्याशी असलेली जवळीक.

हे तपासायची रीत आहे. दोन गटांची सरासरी नुसती शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण एक गट खरंच जास्त तयारीचा असू शकतो. म्हणून आधी दोन्ही गटांतले एकूण गुण सारखे असलेले लोक शोधायचे आणि मग विचारायचं: एकूण क्षमता सारखी असूनही या एका प्रश्नावर एक गट मागे पडतोय का? पडत असेल तर तो प्रश्न क्षमतेखेरीज दुसरंही काहीतरी मोजतोय. मँटेल आणि हेन्सझेल यांनी १९५९ साली रोगांच्या अभ्यासासाठी दिलेली पद्धत पुढे चाचण्यांमधल्या अशा प्रश्नांसाठी वापरली जाऊ लागली. पण एक पळवाट ध्यानात घ्या: सगळेच प्रश्न एका बाजूला झुकलेले असतील तर ही पद्धत आंधळी ठरते. जुळणी करायला घेतलेले एकूण गुणच मुळात झुकलेले असतात. तिथे संख्याशास्त्र उपयोगाचं नाही. ‘खेळ’ या शब्दात काय काय येतं, हे बसून लिहून काढावं लागतं. क्रोनबाख आणि मील यांनी १९५५ च्या आपल्या लेखात संकल्पनेच्या वैधतेचा मुद्दा मांडला, तो याच वळणाचा: चाचणीच्या मागे उभी असलेली संकल्पना आधी स्पष्ट करा.

आठवणं आणि काढणं

आपल्याकडच्या क्विझच्या जगात एक चांगला आग्रह आहे. बेंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ सालची. पुण्यातही बोट क्लब क्विझ क्लबची मंडळी हौसेनं हा उद्योग करत आलीत. या वर्तुळांत उत्तर ‘काढता येणारा’ प्रश्न चांगला मानला जातो. नुसतं पाठ असलेल्यालाच येईल असा प्रश्न कमअस्सल.

एकच माहिती घ्या. ‘१९०८ चं ऑलिंपिक कोणत्या शहरात झालं?’ हा आठवणीचा प्रश्न. येत असेल तर येतं. आता असा विचारा: ‘एका शर्यतीचं अंतर आज २६ मैल ३८५ यार्ड असं विचित्र आहे, कारण एका ऑलिंपिकमध्ये ती राजवाड्यापासून सुरू होऊन मैदानातल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली होती. ते शहर कोणतं?’ मैल-यार्ड वापरणारा देश, राजघराणं, जुना काळ... मॅरेथॉन आणि विंडसरवरून लंडनपर्यंत तुम्ही वर्ष माहीत नसतानाही पोचता. उत्तर तेच, पण दुसरा प्रश्न तर्क मोजतो आणि पहिला साठा. दोन्हींना एकच गुण देऊन बेरीज केली, की बेरजेतून काहीच सांगता येत नाही. लर्नेडलीगचे प्रश्न बऱ्याचदा आडवळणाचे, दुवे पेरलेले असतात, ही तिची जमेची बाजू. पण साठ्याचे किती गुण आणि तर्काचे किती, हे सांगणारा स्तंभ तिच्या एवढ्या मोठ्या आकडेवारीत मला दिसत नाही.

दुर्मिळ म्हणजे चांगलं?

लीगमध्ये एका विषयावरच्या एकदिवसीय विशेष स्पर्धाही होतात. बारा प्रश्न, आणि त्यातले पाच तुम्ही ‘पैशाचे’ म्हणून निवडायचे. निवडलेल्यांपैकी जो बरोबर येईल त्यावर जादा गुण, आणि ते किती? जेवढे टक्के लोक चुकले तेवढे. याच्याच जवळची कल्पना २०२३ साली इमॅक्युलेट ग्रिड या बेसबॉलच्या खेळानं घराघरात नेली. ब्रायन मिंटर यांनी तो बनवला आणि त्याच वर्षी स्पोर्ट्स रेफरन्स या आकडेवारीच्या कंपनीनं विकत घेतला. नऊ चौकटी, प्रत्येकीत दोन अटी पाळणारा खेळाडू भरायचा. तुमचं उत्तर इतर किती टक्के लोकांनी दिलं, त्यांची बेरीज म्हणजे दुर्मिळतेचा गुणांक. रिकाम्या चौकटीचे १००. जितका कमी, तितकं भारी.

इथे गुण कशाला मिळतात? बरोबर असण्याला थोडे, आणि गर्दीपेक्षा वेगळं असण्याला जास्त. उद्या दुसरीच मंडळी खेळायला आली तर तेच उत्तर, तोच खेळाडू, पण गुण वेगळे. तुमच्या डोक्यात काहीही बदललेलं नाही. हा सापेक्ष मापनाचा स्वभाव आहे. पर्सेंटाइलचंही तेच: ९० पर्सेंटाइल म्हणजे तुम्हाला ९० टक्के येतं असं नव्हे, शंभरातले सुमारे नव्वद जण तुमच्या मागे आहेत. ते कोण नव्वद, हे विचारल्याशिवाय आकडा अर्धाच.

शब्दावर चालणारं सगळं

लर्नेडलीगचा पाया मात्र यातल्या कशातच नाही. उत्तर शोधून बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, एवढ्या एका शब्दावर ती चालते. पहारेकरी नाही, कॅमेरा नाही. हे टिकतं कसं? बक्षिसाची रक्कम नाही, सभासद दुसऱ्या सभासदाच्या ओळखीनं येतो, आणि फसवून जिंकण्यात पदरात काही पडत नाही. म्हणजे प्रामाणिकपणा हा तिथे माणसांचा जेवढा गुण आहे तेवढाच रचनेचाही. उद्या त्या गुणतक्त्यावर नोकरी मिळू लागली, तर तोच नियम आठवडाभरही टिकायचा नाही. संशोधनात स्वतःबद्दल माहिती द्यायला लावणारी प्रत्येक प्रश्नावली अशीच शब्दावर चालते. विद्यार्थ्यानं ‘मी रोज दोन तास वाचतो’ असं लिहिलं, तर ते खरं मानायचं का, हे त्या उत्तरावर त्याचं काय अवलंबून आहे यावरून ठरवा. तीच प्रश्नावली वर्गशिक्षकांनी वाटली आणि तुम्ही निनावी भरून घेतली, तर ती दोन वेगळी साधनं आहेत.

मग आपलं काय?

तुमच्यातले कितीतरी जण सध्या नेटची तयारी करताय. त्या पेपरातही प्रश्न १५० च (पहिल्या पेपरात ५०, दुसऱ्यात १००), प्रत्येकी दोन गुण, म्हणजे लर्नेडलीगच्या बरोब्बर एका मोसमाएवढे. फरक पाहा. तिथे उत्तर लिहायचं, इथे चारातून निवडायचं, आणि चुकल्याला गुण कापत नाहीत. कुणी डोळे मिटून सगळे गोल भरले तरी सरासरीनं ३७-३८ प्रश्न बरोबर येतात, ३०० पैकी ७५ गुण. तेव्हा मोजपट्टीचा शून्य प्रत्यक्षात ७५ च्या आसपास आहे. भाषेचे पेपर सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतून येते. मराठीतून एम.ए. केलेल्या विद्यार्थ्यासाठी समाजशास्त्राचा प्रश्न आधी भाषेचा प्रश्न असतो. साय यंगचा मुद्दा आठवतोय ना? आणि मार्च २०२४ मध्ये यूजीसीनं जाहीर केलं की नेटवरून पीएच.डी. प्रवेश घेताना, जेआरएफ नसलेल्या पात्र उमेदवारांसाठी, परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन राहील. गुणतक्त्यावर इतकं वजन पडलं की शब्दावर काही चालत नाही. १८ जून २०२४ ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली, ती परीक्षेच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभा राहिल्यामुळेच.

याचा अर्थ परीक्षा निरर्थक आहे असा मी काढत नाही. दीडशे प्रश्नांची चाचणी अर्ध्या तासाच्या मुलाखतीपेक्षा स्थिर आकडा देते, हे वरच्याच गणितातून दिसतं. पण स्थिर असणं वेगळं आणि हवं तेच मोजणं वेगळं. चांगला संशोधक होण्यासाठी जे लागतं (प्रश्न नेमका करता येणं, आपल्याच विदेवर संशय घेता येणं, महिनोन्‌महिने एका ओळीला चिकटून राहणं) त्यातलं किती या दीडशे प्रश्नांत उमटतं, याचं उत्तर कुणीतरी विदा घेऊन द्यायला हवं. विषय शोधत असाल तर हा घ्या.

स्वतःचं साधन बनवताना मात्र लर्नेडलीगकडून एक सवय उचला आणि एक सोडा. उचलायची ती स्तंभ वेगळे ठेवण्याची. बरोबर उत्तरं एका जागी, डावपेच दुसऱ्या जागी, सगळं उघड्यावर, म्हणजे वाचणाऱ्याला हवी तशी मोजदाद करता येते. तुमच्या परिशिष्टात फक्त एकूण गुण देऊ नका; प्रश्नागणिक विदा द्या. सोडायची ती शेवटी सगळं पुन्हा एका क्रमांकात ओतण्याची. लीगला क्रमांक लागतो कारण तो खेळ आहे, आणि कुणीतरी जिंकल्याशिवाय खेळात मजा नाही. आपल्याला कुणाला जिंकवायचं नाहीये.

पुढच्या आठवड्यात काठिण्यमूल्य आणि भेदनमूल्य एक्सेलमध्ये कसं काढायचं ते बघू. तोवर एक गृहपाठ: कुठल्याही शाळेच्या क्रीडा प्रश्नमंजूषेचे वीस प्रश्न घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा, हा साठा मोजतो की तर्क, आणि कुणाच्या घरच्या खेळावर आहे. वीस प्रश्नांवर हे करून झालं की स्वतःच्या प्रश्नावलीकडे वळा. बहुतेकांना तिथे निदान दोन प्रश्न खोडावे लागतील.